सम तारीख, विषम तारीख

बेळगावच्या मराठी घराला पुणे हे परके गाव कधीच वाटत नाही. कुणाची बहीण तेथे दिलेली असते, कुणाचा मुलगा तेथे नोकरीस असतो, आणि ज्यांचे तेथे कोणीच नसते त्यांचेही एखादे पुस्तक किंवा एखादे औषध तरी पुण्याहूनच यावयाचे असते. त्यामुळे पुण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग यांची वर्णने वाचतच आमची पिढी मोठी झाली. मी आज लिहिणार आहे ते यांपैकी कशाविषयीच नाही. यावेळचे पुणे मी एका मोकळ्या अंगणात, ओळीने उभ्या केलेल्या साठ-सत्तर दुचाकींच्या शेजारी उभे राहून पाहिले. आणि तेथे मी प्रेक्षक म्हणून नव्हे, तर गुन्हेगार म्हणून गेलो होतो.

डिसेंबर २०२४ मधील गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या धाकट्या मुलीचे लग्न पुण्यास ठरले होते. लग्नात मामाला मान असतो तसे कामही असते. वधूला बोहल्यावर आणण्यापूर्वी मामाला बाजारातून बरेच काही आणावे लागते. १० तारखेला, मंगळवारी, मुंडावळ्या, एक तामण आणि रुखवतासाठी पितळेची खेळभांडी आणण्याची कामगिरी अक्काने माझ्यावर सोपविली. भाच्याने कचेरीस जाताना आपल्या स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुळशीबागेत गाडी लावायला जागा मिळणार नाही. तुम्ही रिक्षाने गेलात तरी चालेल." बेळगावच्या गणपत गल्लीतून ऐन चतुर्थीच्या गर्दीत स्कूटर काढणाऱ्या माणसाला ही सूचना मानवली नाही. मी स्कूटर काढली.

पुण्याच्या पेठा एकदा तरी पायी हिंडून पाहाव्यात, म्हणजे तेथील वाहनांचे दुःख समजते. शनिवार, रविवार, सोमवार अशी वारांची नावे धारण करणाऱ्या आणि सदाशिव, नारायण अशी माणसांची नावे मिरविणाऱ्या या वस्त्या आकारास आल्या तेव्हा रस्त्यावर पालखी, घोडा, बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस एवढेच असत. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. त्या सुमाराच्या आणि त्यानंतरच्या पेशवाईतल्या बोळांची रुंदी आजही पुष्कळ ठिकाणी तेवढीच आहे. पुढे सायकल आली आणि पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिलेले पुणे ते हेच. भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल कुणाला फारशी अडत नसे.

त्यानंतर आली स्कूटर, आणि ती तर पुण्याच्या कुशीतच जन्मली. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बजाज चेतक बाहेर पडू लागली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहू लागले. आमच्या गल्लीत पहिली चेतक आली तेव्हा तिला हार घालून, नारळ फोडून, शेजारच्या चार घरांना पेढे वाटले गेल्याचे मला आठवते. ती वाट पाहण्याची वर्षे संपली. २०१८ च्या सुमारास पुण्याच्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येच्याही पुढे गेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून झळकल्या. माणसे घरांवर घरे रचून राहू शकतात. वाहनाला मात्र जमीनच लागते. परवा मी घरच्या स्कूटरला फूटपट्टी लावून पाहिली. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद एवढी जागा ती उभ्या उभ्या व्यापते. आमच्या शाळेतल्या भरलेल्या वर्गात एका मुलाच्या वाट्यालाही एवढी जागा येत नाही.

या अडचणीवर पेठांतील गल्ल्यांत एक जुना तोडगा आहे. रस्त्याच्या एका बाजूस 'पी-१' आणि समोरच्या बाजूस 'पी-२' अशा पाट्या लावलेल्या असतात. पी-१ च्या बाजूला विषम तारखेस गाड्या लावावयाच्या, पी-२ च्या बाजूला सम तारखेस. म्हणजे रोज एक बाजू भरलेली आणि एक मोकळी. दुकानदारांपैकी कुणावरच कायमचा अन्याय नाही, रस्ता झाडणाऱ्यांना दिवसाआड एक कडा रिकामी मिळते, आणि अरुंद गल्लीतूनही वाहने पुढे सरकत राहतात. व्यवस्था साधी आहे आणि न्याय्यही आहे. जवळजवळ न्याय्य आहे, असे म्हणावयास हवे. कारण पुढे घरी परतल्यावर मास्तरकीच्या सवयीने मी हिशेब मांडला, तेव्हा ३६५ दिवसांच्या वर्षात विषम तारखा १८६ आणि सम तारखा १७९ भरल्या. ३१ दिवसांचे सात महिने विषम बाजूच्या पदरात सात दिवस अधिक टाकतात. शिवाय ३१ नंतर लगेच १ येते, म्हणजे लागोपाठ दोन दिवस एकच बाजू भरते. पुण्याच्या दुकानदारांच्या हे ध्यानी आले नसेल असे मला वाटत नाही.

हे सारे मला आता ठाऊक आहे. १० डिसेंबरला सकाळी ठाऊक नव्हते. लक्ष्मी रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीत शिरलो तो डाव्या हाताला सलग रिकामी जागा दिसली आणि तिच्या डोक्यावर स्वच्छ अक्षरांत पाटी: पी-१. स्थानकावर जसा फलाट क्रमांक एक, तसे हे वाहनतळ क्रमांक एक असावे, असा मी अर्थ लावला. समोरच्या बाजूला गाड्या दाटीवाटीने उभ्या आहेत आणि ही बाजू मात्र रिकामी आहे, हे पाहून पुणेकरांच्या आळसाचे मला थोडे नवलही वाटले. एम. ए.च्या वर्गात अर्थनिर्णय शिकलेल्या माणसाने दोन अक्षरांच्या पाटीचा एवढा चुकीचा अर्थ लावावा, हे कबूल करताना आजही संकोच वाटतो.

तुळशीबागेत मी रमलो. पेशवाईत नारो आप्पाजी खिऱ्यांनी येथे राममंदिर उभारले; त्या देवळाच्या आवाराभोवती आज बांगड्या, समया, लोलक, मुंडावळ्या आणि भातुकलीची भांडी यांचा जो बाजार भरतो, तो पाहताना पन्नाशी उलटलेला माणूसही लहान होतो. दीड तासाने दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत आलो, तो स्कूटर जागेवर नव्हती.

प्रथम चोरीचीच शंका आली. परक्या गावात, दुसऱ्याची गाडी, आणि घरात लग्न. पायांखालची जमीन सरकल्यासारखी झाली. गल्लीच्या तोंडाशी फुले विकणाऱ्या एका मावशी बसल्या होत्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी सारे ओळखले. गजरा ओवता ओवताच त्या म्हणाल्या, "उचलली काका. आज सम तारीख न्हाई का?" मग त्यांनी मला पाट्यांचा अर्थ सांगितला, गाडी सोडवावयास कोठे जावे तेही सांगितले, आणि शेवटी, अगदी सहज, म्हणाल्या, "तुमच्या गाडीपायी तो भांड्यांचा हातगाडीवाला पाऊण तास हितंच अडकून पडला. न्हाईतर त्याची एक खेप झाली असती."

त्या वेळी माझे लक्ष या वाक्याकडे नव्हते. मी रिक्षा शोधत होतो.

उचलून आणलेल्या गाड्या जेथे ठेवतात ते अंगण पाहण्यासारखे असते. टेम्पोतून गाड्या उतरविणारी कंत्राटदाराची तरुण मुले, एका टेबलामागे वाहतूक पोलीस, आणि भोवती तऱ्हेतऱ्हेची माणसे. एक तरुणी फोनवर रडवेल्या आवाजात वडिलांना बोलावीत होती. कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ आपली कोणाकोणाशी ओळख आहे ते ऐकवीत होते. एका मुलाने तर पैसे आधीच मोजून हातात धरले होते. तो कुणाशी एक शब्दही बोलला नाही, पैसे भरले आणि गाडी घेऊन निघून गेला. दुकानात जाऊन साबण घ्यावा तसा तो आला आणि गेला.

पुण्यात वाहतूक पोलिसाला लोक 'मामा' म्हणतात. तेव्हा एका मामासमोर दुसरा मामा उभा राहिला. आणि मी काय केले? तेथे मी जे बोललो ते लिहिण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख आहे. मी म्हणालो, "हवालदारसाहेब, मी परगावचा आहे. सरकारी शाळेत मुख्याध्यापक आहे. घरात लग्न आहे. पाटीवर अर्थ लिहिलेला नाही." या चार वाक्यांपैकी एकही खोटे नव्हते, पण चारही वाक्ये एकाच दिशेने चालली होती. उशिरा आलेला मुलगा शाळेच्या फाटकात माझ्यासमोर उभा राहतो तेव्हा तोही अशीच चार वाक्ये बोलतो, आणि मी त्याला काय उत्तर देतो ते मला पाठ आहे.

हवालदार शांत होते. त्यांनी हातातल्या यंत्रावर माझ्या स्कूटरचे छायाचित्र दाखविले. पी-१ ची पाटी, तिच्याखाली एकटीच उभी असलेली गाडी, आणि मागे एक हातगाडी. मग ते म्हणाले, "गुरुजी, पाटीचं तुमचं बरोबर आहे, बाहेरच्या माणसाला कळत नाही. पण गाडीवर आधीची सात चलनं आहेत. ती कुणाची?"

ती माझ्या भाच्याची होती. सातही जागा नसलेल्या ठिकाणी गाडी लावल्याची आणि सातही न भरलेली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा अशा किरकोळ गुन्ह्यांचा दंड १०० रुपयांवरून ५०० वर गेला आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ३०० चे १५०० झाले. महाराष्ट्रात हे नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यामुळे माझी चूक पहिली असली तरी गाडी जुनी गुन्हेगार निघाली, आणि मला १५०० रुपये भरावे लागले. गाडी उचलून आणण्याचा खर्च वेगळा. तोही कायद्याला धरूनच आहे. मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला याच कायद्याच्या १२७ व्या कलमाने दिला आहे आणि त्याचा खर्च मालकाने सोसावा असेही त्यात म्हटले आहे. तामणापेक्षा दंड महाग पडला.

गंमत अशी की, मी घरी पोहोचण्यापूर्वीच ही वार्ता कचेरीत भाच्यापर्यंत पोहोचली होती. चलनाचा संदेश गाडी चालविणाऱ्याला जात नाही, गाडी ज्याच्या नावावर असते त्याच्या फोनवर जातो. संध्याकाळी तो हसतच घरात आला. "काय मामा, मामांनी धरलं म्हणे!"

मी हसलो नाही. हा मुलगा पाचवीपासून आठवीपर्यंत माझ्या घरी बेळगावला राहून माझ्याच शाळेत शिकला आहे. त्याच्या वडिलांची तेव्हा बदलीची नोकरी होती. पाटीवर लिहिलेले शुद्धलेखन त्याने माझ्यापुढे बसून गिरविले आहे. मी त्याला सात चलनांचे विचारले. तो जरासा ओशाळला, पण लगेच सावरून म्हणाला, "मामा, वर्षाला दोन-तीन धरायचीच. पार्किंगचं भाडं समजायचं. आणि थांबलं की लोकअदालतीत तडजोड होते. लगेच भरणारा मूर्ख ठरतो."

हे ऐकून मला माझ्याच शाळेची एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ग्रंथालयाचे काम मजकडे होते. पुस्तक उशिरा परत केल्यास दिवसाला २५ पैसे दंड, असा नियम मी मोठ्या उत्साहाने केला. महिनाभरात असे दिसले की, बऱ्या घरची दोन-तीन मुले आनंदाने दंड भरतात आणि चांगली पुस्तके घरी ठेवून घेतात. आणि हमालाचा एक मुलगा, ज्याच्याकडून पुस्तक दोन दिवस उशिरा आले होते, तो ग्रंथालयात यावयाचाच बंद झाला. मी ज्याला शिक्षा समजत होतो ते एकाला भाडे झाले होते आणि दुसऱ्याला दार बंद. पुढे माझ्या वाचनात आले की, इस्रायलमधील हैफा शहरात काही बालवाड्यांनी मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उशिरा येणाऱ्यांची संख्या घटली नाही, वाढली. आणि दंड रद्द केल्यावरही ती पूर्वीइतकी खाली आली नाही. या प्रयोगावरचा दोन अर्थशास्त्रज्ञांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. पूर्वी पालकांना बाई ताटकळत बसल्या आहेत याची लाज वाटे. पैसे भरू लागल्यावर ती लाज फिटली. लाजेचे एकदा पैसे झाले की पैसे काढून घेतले तरी लाज परत येत नाही.

भाच्याचे दुसरे वाक्य तर आपल्या कर्नाटकालाही लागू पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारने वाहतुकीच्या थकलेल्या दंडांवर निम्मी सूट दिली होती, हे वाचकांना आठवत असेल. पैसे भरावयास लोकांच्या झुंबडी उडाल्या. २०२५ साली पुन्हा तशीच सूट मिळाली. थकबाकी वसूल झाली हे खरे. पण ज्याने वेळच्या वेळी पूर्ण दंड भरला होता त्याला त्या दिवशी काय वाटले असेल? लंडन शहरात याच्या उलट रीत आहे. तेथे चिठ्ठी मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे भरल्यास रक्कम निम्मी होते, आणि दंड अन्यायाचा वाटला तर नगरपालिकेबाहेरच्या स्वतंत्र निवाडा करणाऱ्यापुढे दाद मागता येते. सूट दोन्हीकडे निम्मीच. एकीकडे ती तत्परतेला मिळते, दुसरीकडे दिरंगाईला. मुलांच्या वह्या तपासणाऱ्या कुणालाही यातले अंतर सांगावे लागणार नाही.

मी हे सारे भाच्याला ऐकविले. तोही माझाच विद्यार्थी, त्याने ऐकून घेतले आणि मग म्हणाला, "मामा, तुमचं सगळं पटतं. पण तुम्हीच सांगा, गाडी लावायची कुठे? आमच्या इमारतीत बावीस घरं आणि दहा गाड्यांची जागा. कचेरीच्या भागात एक वाहनतळ आहे, ते दहा वाजता भरतं. बस वेळेवर मिळाली असती तर मी गाडी काढलीच नसती. शिस्त लावायला आधी जागा तर असावी!"

यावर मजजवळ उत्तर नव्हते, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर पुणे शहराजवळही ते अजून पुरते नाही. मार्च २०१८ मध्ये तेथील महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने वाहनतळांचे एक धोरण मंजूर केले होते. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने त्या जागेचे मोल द्यावे, गर्दीच्या रस्त्यावर अधिक द्यावे, असा त्याचा गाभा होता. विरोध एवढा झाला की, ते मोजक्या पाच रस्त्यांपुरते प्रयोगादाखल करावे असे ठरले, आणि पुढे वर्षानुवर्षे तेही कागदावर राहिले. म्हणजे ज्या जागेचे उघड भाडे द्यावयास आम्ही नकार दिला, तिचेच भाडे दंड या नावाने, लपूनछपून आणि थकवून, आम्ही देत राहिलो. भाड्याने निदान जागा तरी मिळते. दंडाने ती मिळत नाही. फक्त दुसऱ्याची वाट अडते.

दुसऱ्याची वाट हे शब्द तोंडून निघाले आणि तेव्हा कोठे मला मावशींचे ते वाक्य आठवले. पाऊण तास. हातगाडीवाल्याची एक खेप. मी भरलेले १५०० रुपये सरकारजमा झाले, उचलणाऱ्याची मजुरी उचलणाऱ्याला मिळाली, माझी गाडी मला मिळाली. ज्याचे खरोखर नुकसान झाले होते त्याला मात्र कोणी विचारलेही नव्हते. कायद्यात त्याच्यासाठी रकाना नाही. पोलिसांच्या छायाचित्रात तो माझ्या गाडीच्या मागे उभा होता, मी ते छायाचित्र पाहिले होते, आणि मला त्यात फक्त माझ्या गाडीचा क्रमांक दिसला होता. अंगणात मी सांगितलेल्या चार वाक्यांत मी होतो, माझी नोकरी होती, माझ्या घरचे लग्न होते. तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी ११ डिसेंबर. विषम तारीख. मुंडावळ्यांची एक जोडी बदलून आणावयाची होती, तेव्हा मी पुन्हा तेथे गेलो, यावेळी रिक्षाने. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता ओळखू येईना. २०२१ पासून पुण्यात ११ डिसेंबर हा 'पादचारी दिन' म्हणून पाळतात आणि नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्त्याचा तुकडा त्या दिवशी काही तास वाहनांना बंद ठेवतात. जेथे आदल्या दिवशी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागला होता, तेथे आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध सावकाश चालत होते. मुले खडूने रस्त्यावर चित्रे काढीत होती. दुकानाच्या पाट्या मान वर करून वाचता येत होत्या. माणसांचे बोलणे ऐकू येत होते. एका दुकानातून दुसऱ्या दुकानाला दिलेली हाकसुद्धा. आपल्या गावातला रस्ता मुळात एवढा रुंद असतो, हे त्यावरच्या गाड्या हटल्याखेरीज कळत नाही.

मी मावशींकडे गेलो. हातगाडीवाल्याची चौकशी केली. काय करणार होतो ते माझे मलाही नीट ठरलेले नव्हते. चार शब्द बोलावेत, बुडालेल्या खेपेचे पैसे त्याने घेतले तर द्यावेत, असे काहीसे मनात होते. मावशी म्हणाल्या, "आज न्हाई यायचा तो. रस्ता बंद हाय ना. आज त्याला काम न्हाई."

ज्या सुंदर दिवसाचे मी मनात कौतुक करीत होतो, त्याही दिवसाची किंमत पुन्हा त्यानेच दिली होती. मी एक गजरा घेतला आणि परत फिरलो. लग्न यथासांग पार पडले. भाचीला मी बोहल्यावर आणले तेव्हा मुंडावळ्या छान दिसत होत्या, असे सगळे म्हणाले.

बेळगावला परतल्यावर पहिल्याच दिवशी शाळा सुटण्याच्या वेळी मी फाटकाजवळ उभा राहिलो. एरवी त्या वेळी मी कचेरीत सह्या करीत असतो. फाटकासमोर पालकांच्या दुचाकींची गर्दी होती, आणि त्यांच्यावर चार शब्द सुनवावेत म्हणूनच मी आलो होतो. केंद्र सरकारच्या रस्त्याच्या नियमांत, अगदी १९८९ पासून, गाडी कोठे लावू नये याची यादी आहे. चौकाजवळ, पदपथावर, बसथांब्याजवळ, रुग्णालयाच्या दाराशी. आणि त्याच यादीत शाळेच्या प्रवेशद्वाराचाही उल्लेख आहे. पुण्याहून येताना गाडीत मी ही यादी काळजीपूर्वक वाचली होती.

घंटा झाली. मुले बाहेर पडू लागली. फाटकाची एक बाजू मोकळी होती, पण दुसऱ्या बाजूला पिंपळाच्या सावलीत एक स्कूटर उभी होती, आणि पाठीवर दप्तर घेतलेली लहान मुले तिला वळसा घालण्यासाठी एकामागून एक रस्त्यावर उतरत होती. रस्त्यावरून बस जात होती. पहिलीतली एक मुलगी आरशाला दप्तर अडकून थांबली. तिने ते सोडविले आणि सवयीने पुढे गेली. सवयीने, कारण ती स्कूटर रोज तेथेच असते. गेली अकरा वर्षे असते. मुख्याध्यापकांची गाडी उन्हात तापू नये म्हणून आमच्या शिपायानेच ती जागा राखून ठेवली आहे.

पालकांना त्या दिवशी मी काही बोललो नाही. स्कूटर ढकलत मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन लावली. तेथे ऊन असते. शिपायाने धावत येऊन विचारले, "काय झालं गुरुजी, गाडी बिघडली काय?" "नाही," मी म्हटले, "जागा बिघडली होती." त्याला काही उलगडा झाला नाही, आणि मीही अधिक सांगत बसलो नाही. आठवड्याने पालकसभा होती; तेथे फाटकासमोरच्या गाड्यांचा विषय मी काढला तेव्हा मात्र कोणी मजकडे बोट दाखवू शकले नाही, आणि पुष्कळ जणांनी ऐकले. सगळ्यांनी नाही.

भाच्याचा अलीकडेच फोन आला होता. सातांपैकी सहा चलने भरली, असे म्हणाला. सातवे का राहिले, असे मी विचारले. ते चलन लागले त्या दिवशी गाडी आपण चालवीतच नव्हतो, मित्राने नेली होती, म्हणून त्याविरुद्ध रीतसर तक्रार केली आहे, असे त्याने सांगितले. हे मला दंड भरण्याहून अधिक आवडले. भाडे समजणारा माणूस तक्रार करीत नाही; ज्याला दंड हा दंड वाटतो तोच करतो.

हातगाडीवाल्याचे मात्र तसेच राहिले आहे. पुन्हा पुण्यास जाणे होईल तेव्हा सम तारीख पाहून जाईन म्हणतो.